तिकडे तंबाखू, इकडे गोळी : कुठली नशा कुठे का रुजते?

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एक आश्चर्य वाटते. नाक चोंदलेले असते, म्हणून तो फार्मसीत जाऊन सुडाफेड मागतो. साधी सर्दीची गोळी, पण ती फळीवर नसते, काउंटरच्या मागे असते. काउंटरवरची बाई ड्रायव्हिंग लायसन्स मागते, त्याची नोंद करते, सही घेते आणि मग एक छोटेसे पाकीट हातात देते. देशात कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने सर्दीच्या गोळीसाठी नाव-गाव विचारल्याचे आपल्यापैकी कोणाला आठवत नसेल.

याचे कारण असे की या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनपासून मेथअँफेटामिन, म्हणजे 'मेथ', बनवता येते. १९९० च्या दशकात आणि त्यानंतर इथल्या खेड्यापाड्यांत लोक घरच्या घरी असे कारखाने चालवू लागले. शेवटी काँग्रेसने २००५ चा कायदा केला, त्यावर मार्च २००६ मध्ये सही झाली आणि सर्दीची गोळी काउंटरमागे गेली. घरगुती भट्ट्या कमी झाल्या. मेथ मात्र कमी झाले नाही. ते मेक्सिकोतल्या मोठ्या कारखान्यांतून, वेगळ्या रसायनांपासून तयार होऊन येऊ लागले.

मंडळी, या लेखाचा विषय हाच आहे. एकच पदार्थ एका देशात घरोघरी पोचतो आणि दुसऱ्या देशात त्याचे नावही कोणाला माहीत नसते, असे का होते? आपल्या मंडळांतल्या गप्पांत याला एक ठरलेले उत्तर असते : संस्कार. "आपल्याकडे हे चालत नाही हो." मला हे उत्तर पटत नाही. ज्या महाराष्ट्रात हेरॉइन कोणी पाहिले नव्हते, तिथेच १९८० च्या दशकात 'गर्द' हा शब्द वर्तमानपत्रांत रोजचा झाला. त्या चार-पाच वर्षांत संस्कार काही बदलले नव्हते. माल कुठून, कोणत्या मार्गाने, कोणत्या रूपात येतो, लोकांना आधी कोणती सवय आहे आणि कायदा कोणती फट उघडी ठेवतो, हे सगळे जुळले की नशा रुजते. हे आपल्या घरांसाठी महत्त्वाचे आहे, कारण आपण भीतीसुद्धा देशातून बरोबर आणलेली असते आणि ती इथल्या धोक्याशी जुळत नाही.

आधी सवय, मग पदार्थ

सगळ्यात ओळखीचे उदाहरण तंबाखूचे. हे अमेरिका खंडातले झाड. पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आले. युरोप-अमेरिकेत तंबाखू म्हणजे पाइप, सिगार आणि नंतर सिगारेट. आपल्याकडे मात्र पान-सुपारी-चुना तोंडात ठेवण्याची सवय शेकडो वर्षांची. तंबाखू त्या तयार जागेत जाऊन बसली. चुना लावून मळलेली चिमूट, विदर्भातला खर्रा, मावा, गुटखा, आणि बायकांची भाजून दाताला लावायची मिश्री. भारत सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांपैकी २१.४ टक्के लोक धूर नसलेली तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते, म्हणजे बरोबर निम्मे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पानटपरीवरची सवय गेली नाही. ज्या घरात सिगारेट ओढणे म्हणजे वाया जाणे समजले जाई, त्याच घरात आजीची मिश्रीची डबी उघड्यावर असे आणि तिला कोणी व्यसन म्हणत नसे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर नवा पदार्थ जुन्या प्लॅटफॉर्मवर चालतो. याचे सर्वात मजेशीर (आणि फारसे कोणाला माहीत नसलेले) उदाहरण कोकेनचे आहे. कोकेन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हॉलिवूडचा सिनेमा येतो. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई आणि कलकत्त्यात कोकेन खाल्ले जात होते, आणि तेही पानातून! जर्मनीतले आणि पुढे जपानमधले कोकेन चोरट्या मार्गाने बंदरात उतरायचे आणि पानवाल्यांपर्यंत पोचायचे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक कोकाची पाने चुन्यासारख्या क्षारासोबत चघळतात. पानात चुना आधीच होता. त्याच काळात अमेरिकेत कोकेन सरबतांतून आणि टॉनिकांतून पोटात जात होते. कोका-कोलाच्या नावातला 'कोका' तिथूनच आला आहे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून कोकेन काढून टाकले गेले.

मग आज भारतात कोकेन का नाही? मुख्य कारण अंतर आणि किंमत. कोकाचे झुडूप व्यापारासाठी कोलंबिया, पेरू, बोलिव्हियात होते. तिथून अमेरिका जवळ, मुंबई लांब. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातल्या भारतीयांत कोकेन घेणारे ०.१ टक्का निघाले. अमेरिकेच्या २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षांवरच्यांत वर्षभरात एकदा तरी कोकेन घेतलेले १.९ टक्के होते. पाहण्यांची पद्धत वेगळी आहे हे मान्य, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. इथेही कोकेन आधी श्रीमंतांचेच होते. १९८० च्या दशकात त्याचा 'क्रॅक' हा ओढायचा खडा पाच-दहा डॉलरच्या पुडीत मिळू लागला आणि ते शहरांतल्या गरीब वस्त्यांत पोचले. शांपूच्या पाऊचने भारतात काय केले ते आठवा, म्हणजे पुडीच्या आकाराचे महत्त्व लक्षात येईल. १९८६ च्या कायद्याने क्रॅकला पावडर कोकेनच्या शंभरपट कडक मोजले. पाच ग्रॅम क्रॅक आणि पाचशे ग्रॅम पावडर यांना सारखीच किमान शिक्षा होती. २०१० मध्ये हे प्रमाण १८ वर आणले.

गांजाची जगप्रदक्षिणा

भांग आणि गांजाच्या बाबतीत तर आपण आणि अमेरिकेने जागांची अदलाबदल केली आहे.

महाशिवरात्रीला आणि होळीला भांग, बैराग्यांच्या चिलमीत गांजा, हे आपल्याला नवे नाही. इंग्रजी अमलात गांजावर अबकारी कर होता आणि परवान्याची दुकाने होती. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड प्रामुख्याने अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात होई. इंग्लंडमधल्या काही मंडळींनी पार्लमेंटात ओरड केली की गांजाने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरत आहेत. तेव्हा सरकारने १८९३ मध्ये एक आयोग नेमला. सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. जवळजवळ बाराशे साक्षी घेतल्या, इस्पितळांतल्या नोंदी एकेक करून तपासल्या. तीन हजारांहून जास्त पानांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की बेताने घेतल्यास नुकसान फारसे नाही, अतिरेक घातक, आणि सरसकट बंदी नको. या विषयावर इतके कष्ट घेऊन केलेले सरकारी काम त्यानंतरही फार थोडे झाले आहे.

गांजा पश्चिमेकडे दोन वाटांनी गेला. एक वाट औषधाची. कलकत्त्यातले डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांजाच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला. १८५० मध्ये तो अमेरिकेच्या अधिकृत औषध-संहितेत आला आणि १९४२ पर्यंत तिच्यात होता. दुसरी वाट मजुरांची. १८४५ पासून भारतीय गिरमिटिये जमैकात उसाच्या मळ्यांत गेले. जमैकन माणूस आजही त्या झाडाला 'गांजा'च म्हणतो. आपल्या मुलांना बॉब मार्ली माहीत असतो, पण हा शब्द आपल्याकडून गेला हे माहीत नसते.

अमेरिकेत ओढायचा गांजा मात्र मेक्सिकोकडून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीमा ओलांडून आलेल्या मजुरांबरोबर तो दक्षिणेकडच्या राज्यांत पसरला, आणि न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांत जॅझ वाजवणाऱ्या काळ्या कलावंतांत. कोण ओढतो यावरून कायदा ठरला. केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे प्रमुख हॅरी अँस्लिंगर यांनी मोहीम चालवली आणि १९३७ मध्ये 'मारिजुआना' कर कायदा आला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रतिनिधीने तेव्हा विरोध केला होता. त्याची एक तक्रार अशी की आपण औषध म्हणून देतो तो कॅनाबिस आणि हे 'मारिजुआना' एकच आहे, हे डॉक्टरांच्या लक्षातच आले नाही. नाव बदलले की ओळखीची वस्तू परकी होते!

पुढे १९६० च्या दशकात गोऱ्या मध्यमवर्गातली कॉलेजची मुले ओढू लागली, आणि चित्र हळूहळू उलटे फिरले. १९७० च्या कायद्याने गांजा सर्वात कडक वर्गात टाकला असला तरी कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी वापराला आणि कोलोराडो व वॉशिंग्टनने २०१२ मध्ये मौजेच्या वापराला मान्यता दिली. २०२४ पर्यंत अशी राज्ये २४ झाली. आणि भारत? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने भांगेच्या पानांना वगळून घेतले, गांजासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळवली, आणि मुदत संपत आली तेव्हा १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा केला. म्हणून आज बनारसला सरकारी परवान्याची भांग मिळते, पण त्याच झाडाचा शेंडा, म्हणजे गांजा, खिशात सापडला तर तुरुंग.

इथे आपल्या वाचकांसाठी एक अतिशय व्यावहारिक मुद्दा आहे. राज्यात दुकानातून वीड विकत घेणे कायदेशीर असले तरी केंद्राच्या कायद्यात तो नियंत्रित पदार्थच आहे, आणि इमिग्रेशन हा केंद्राचा विषय आहे. एच-१, एफ-१ किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाने अधिकाऱ्यासमोर "हो, मी घेतले आहे" एवढे कबूल केले, तरी शिक्षा झालेली नसतानाही अडचण येऊ शकते. नागरिकत्वाच्या अर्जात ज्या 'चांगल्या वर्तणुकी'चा विचार होतो, त्यात राज्याच्या कायद्याचा बचाव चालत नाही, असे यूएससीआयएसने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केले. वीडच्या दुकानातली नोकरीही यात मोडते. इथे जन्मलेला मित्र आणि एफ-१ वर आलेला आपला भाचा एकाच पार्टीत एकच गोष्ट करतात, पण दोघांपुढचा धोका सारखा नसतो. तसेच इथल्या दुकानातल्या गमीज् बॅगेत टाकून मुंबईला उतरू नये. तिथे एनडीपीएस लागू होतो.

अफू, गर्द आणि डॉक्टरची चिठ्ठी

अफूचा आपला इतिहास मोठा आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापारावर मुंबईतल्या अनेक शेठजींची घरे उभी राहिली. घरातही ती होती. कापड गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी अफूची बारीकशी 'बाळागोळी' देत, अशा नोंदी १९२० च्या दशकातल्या मुंबईच्या पाहण्यांत आहेत. कोणी नाक मुरडण्याआधी हेही सांगतो की त्याच्या आधीच्या काळात अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' या नावाने मॉर्फिनचे बाळऔषध खुलेआम विकले जाई. आईला कामावर जायचे आहे आणि मूल सांभाळायला कोणी नाही, ही गरज दोन्हीकडे सारखीच होती.

गर्द आले ते मात्र बाहेरून. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि त्या भागातल्या हेरॉइनच्या वाटा बदलून पाकिस्तान-भारतमार्गे वाहू लागल्या. मुंबईला पोचलेला माल होता 'ब्राऊन शुगर'. हे अर्धवट शुद्ध केलेले हेरॉइन तापवल्यावर त्याचा धूर होतो. सुई लागत नाही. चिलीम-विडी ओढणाऱ्या समाजाला धूर परका नव्हता, सुई परकी होती. पुन्हा तेच, जुनी सवय आणि नवा पदार्थ. पुण्यात ऑगस्ट १९८६ मध्ये 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले ते या लाटेमुळे. अनिल अवचटांचे लेखन, डॉ. अनिता अवचटांचा पुढाकार आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची मदत यांतून ते उभे राहिले.

अमेरिकेत ही लाट चोरट्या बोटीने नव्हे, डॉक्टरच्या चिठ्ठीने आली. पर्ड्यू कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली आणि तिचे व्यसन क्वचितच लागते असा प्रचार केला. याबद्दल पर्ड्यू समूहाने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण एका कंपनीला शिव्या देऊन हे संपत नाही. विमा कंपनीला महिनोन् महिने चालणाऱ्या फिजिओथेरपीपेक्षा गोळ्यांची बाटली स्वस्त पडते. औषधांची जाहिरात टीव्हीवर चालते. रुग्ण 'समाधानी' आहे का याचे गुण हॉस्पिटलला मिळतात. गोळीला अशी सुपीक जमीन दुसऱ्या फार थोड्या देशांत होती. २०१० मध्ये गोळी कुटता येणार नाही अशी बनवली, तेव्हा बरेच लोक हेरॉइनकडे वळले. २०१३ च्या सुमारास फेंटानिल आले. ते पांढरी पूड असल्याने पूर्व किनाऱ्यावरच्या पांढऱ्या पुडीच्या हेरॉइनमध्ये सहज मिसळले गेले. पश्चिमेकडचे हेरॉइन डांबरासारखे काळे आणि चिकट, त्यामुळे तिकडे फेंटानिल काही वर्षे उशिरा पोचले. म्हणजे पुडीच्या रंगावरून हजारो माणसांचे मरण पुढेमागे झाले! २०२१ ते २०२३ या काळात दर वर्षी अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसे गेली. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ८० हजारांवर आला.

आता उलट बाजू पाहा. अफूचा चीक काढून तो कायदेशीररीत्या निर्यात करणारा भारत हा जगातला जवळपास एकमेव देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने शेती होते. तरीही १९८५ च्या कायद्यानंतर कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे इतके कठीण झाले की बहुतेक हॉस्पिटलांनी ते ठेवणेच सोडले. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडले. एका देशात दात काढल्यावर तीस गोळ्या, दुसऱ्या देशात शेवटच्या दिवसांतही एक नाही. दोन्ही ठिकाणी चूक औषधाची नव्हती, ते कोणाच्या हाती कसे द्यायचे हे ठरवणाऱ्यांची होती, असे मला वाटते.

कारखाना कुठे आहे?

पिकवायच्या नशेला जमीन लागते, बनवायच्या नशेला कारखाना आणि कायद्यातली फट. भारत औषधांचा मोठा कारखाना असल्याने इथून गेलेल्या गोळ्यांनी जगात कुठे कुठे घर केले ते पाहण्यासारखे आहे.

मेथाक्वालोन हे औषध १९५१ मध्ये भारतातच मलेरियावरचा उपाय शोधताना तयार झाले. कक्कर आणि झहीर या दोन शास्त्रज्ञांचे ते काम. ते निघाले झोपेचे औषध. अमेरिकेत 'क्वालूड' नावाने ते १९७० च्या दशकात पार्ट्यांमध्ये गाजले. १९८४ मध्ये त्याला सर्वात कडक वर्गात टाकले, आणि उत्पादन बंद पडल्यावर इथली नशाच संपली. दक्षिण आफ्रिकेत मात्र 'मँड्रॅक्स' नावाने ते आजही आहे. तिथे गोळी कुटून गांजाबरोबर फुटक्या बाटलीच्या मानेतून ओढतात. ही पद्धत जगात दुसरीकडे क्वचितच दिसते. तिकडचा माल बराच काळ भारतातून जात होता. २०१६ मध्ये उदयपूरजवळ २३ टनांहून जास्त मँड्रॅक्स गोळ्या पकडल्या गेल्या.

ट्रॅमाडॉलचे तसेच. या वेदनाशामकावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण नव्हते, म्हणून ते भारतातून नायजेरिया, घाना, इजिप्तकडे स्वस्तात जाऊ लागले आणि तिथले मुख्य व्यसन झाले. भारताने एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएसखाली आणले. बांगलादेशात फेन्सिडिल हे कोडीनयुक्त खोकल्याचे औषध. तिथे त्यावर बंदी, दारू धर्माने आणि कायद्याने दुर्मिळ, आणि सीमेपलीकडे बाटली उघड मिळणारी. आपल्याकडचे साधे कफ सिरप तिकडे तस्करीचा माल झाले.

याउलट काही पदार्थ प्रवासच करत नाहीत. येमेन, इथिओपिया, सोमालियात खात नावाच्या झाडाची पाने दुपारभर चघळत बसतात. ती ताजीच लागतात, दोन दिवसांत जोर उतरतो. त्यामुळे खात तिथल्या स्थलांतरितांच्या बाहेर जगात फारसे पसरले नाही. पण त्याच कुळातले कारखान्यात बनवलेले मेफेड्रोन टिकाऊ निघाले. ब्रिटनमध्ये ते 'झाडांचे खत' म्हणून इंटरनेटवर विकले गेले, एप्रिल २०१० मध्ये तिथे बंदी आली, आणि काही वर्षांत मुंबईत 'एमडी' किंवा 'म्याव म्याव' नावाने अवतरले. भारतात ते फेब्रुवारी २०१५ पर्यंत एनडीपीएसच्या यादीतच नव्हते, त्यामुळे पोलिसांचे हात बांधलेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडले. कोकेनला कोलंबियाहून यावे लागते. एमडीला केमिकल इंजिनिअर आणि एमआयडीसीतला प्लॉट पुरतो. माझ्या बरोबरीच्या इंजिनिअरिंगच्या मित्रांनी आपल्या कॉलेजगावाजवळची ही बातमी वाचून काय म्हटले असेल याची कल्पना करा.

आपल्या घरात

आपल्या पिढीच्या आईवडिलांना 'ड्रग्ज' म्हटले की अजूनही गर्दुल्ला दिसतो. रेल्वे पुलाखाली, मळक्या कपड्यांत. इथला धोका असा दिसत नाही. तो औषधाच्या कपाटात, नारिंगी बाटलीत असतो, किंवा परीक्षेच्या आठवड्यात वर्गमित्राने दिलेल्या गोळीत. अॅडरॉल ही अँफेटामिनची गोळी इथे लक्ष न लागणाऱ्या मुलांना डॉक्टर देतात, आणि ज्यांना दिलेली नाही अशी मुले रात्रभर अभ्यास करण्यासाठी ती मागून घेतात. मार्कांचा सर्वात जास्त ध्यास कोणत्या घरांत आहे हे मी सांगायला नको. ज्याला अॅडरॉल खरोखर लिहून दिले आहे, त्याने देशात जाताना चिठ्ठी आणि मूळ बाटली जवळ ठेवावी. भारतात ती विकली जात नाही आणि जपानमध्ये तर चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. आई-बाबा इकडे येताना ट्रॅमाडॉल किंवा अल्प्राझोलॅमच्या स्ट्रिप आणतात, त्यांच्याबरोबरही डॉक्टरची चिठ्ठी हवी. इथे दोन्ही नियंत्रित औषधे आहेत.

मित्राकडून किंवा फोनवरून मिळवलेली गोळी अॅडरॉल, झॅनॅक्स किंवा पर्कोसेटसारखी हुबेहूब दिसते, पण ती छापलेली नक्कल असू शकते आणि तिच्यात फेंटानिल असू शकते. डीईएने २०२४ मध्ये तपासलेल्या फेंटानिलच्या नकली गोळ्यांपैकी दहांतल्या पाचांत प्राणघातक ठरू शकेल एवढी, म्हणजे दोन मिलिग्रॅम किंवा जास्त, मात्रा होती. हे मुलाला सांगताना 'व्यसन लागेल' हा धाक उपयोगाचा नाही, कारण इथे व्यसन लागण्याइतका वेळच मिळत नाही. पहिली गोळीही शेवटची ठरू शकते.

शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या "लागतील कधीतरी" म्हणून ठेवायची आपली सवय असते. त्या फार्मसीतल्या किंवा पोलिस ठाण्यातल्या परतीच्या पेटीत टाकाव्यात. नालोक्सोन हा नाकात मारायचा फवारा फेंटानिल, हेरॉइन आणि वेदनाशामक गोळ्यांचा परिणाम काही मिनिटांत उलटवतो. मार्च २०२३ मध्ये एफडीएने त्याला चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी दिली. एका खोक्यात दोन फवारे असतात. माणूस हाक मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळे पडले असतील, तर ९११ ला फोन करून एका नाकपुडीत पहिला फवारा मारायचा, दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिथून हलायचे नाही. त्याने दुसरेच काही घेतले असले तरी या फवाऱ्याने अपाय होत नाही.